आखूड फळी

जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल नावाचा एक शेतीशास्त्रज्ञ होऊन गेला. पिकाची वाढ शेतात काय भरपूर आहे यावर ठरत नाही, जे सगळ्यात कमी आहे त्यावर ठरते, असं त्याने १८२८ साली मांडलं. नत्र पोत्याने ओता, पालाश हवं तेवढं घाला. स्फुरद नसेल तर पीक स्फुरदापुरतंच वाढणार. पुढे युस्टुस फॉन लीबिग या बड्या रसायनशास्त्रज्ञाने हीच गोष्ट जोरात सांगितली आणि नियमाला नाव लागलं लीबिगचं. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं ही प्रथा आपल्याच विद्यापीठांत जन्मली असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

हा नियम शिकवताना एका लाकडी पिंपाचं चित्र दाखवतात. पिंपाच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या असतात. पाणी कितीही ओता, ते सगळ्यात आखूड फळीच्या वर चढत नाही, तिथूनच सांडतं. म्हणून शहाण्या माणसाने आधी आखूड फळी शोधावी.

माझी भाची चंद्रपूरहून पर्यावरणशास्त्र शिकायला जर्मनीला गेली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ज्या फळ्या आधीच उंच होत्या त्या आणखी उंच केल्या. ताईने पापड, कुरड्या, सांडगे, चिवडा आणि आंब्याचं लोणचं बांधून दिलं. भाची चालली होती त्या कॉटबुस गावाला लागून श्प्रेवाल्ड नावाचा प्रदेश आहे आणि तो काकडीच्या लोणच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या लोणच्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. थोडक्यात, लोणच्याच्या गावाला आम्ही लोणचं पाठवलं. आजीने अंगारा दिला. मामा या नात्याने मी उपदेश दिला. उपदेशाची फळी आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या छताला टेकलेली आहे, तरी तिच्यावर आणखी एक तुकडा ठोकल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. आखूड फळी कोणती, हे कोणी विचारलंच नाही. विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

मुळात विषयावरूनच घरात खळबळ होती. आपल्याकडे पर्यावरण हा पदवीला सक्तीचा विषय आहे आणि सक्तीचा असल्यामुळे तो कोणी वाचत नाही. त्याचा प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगसकट तयार मिळतो. आत कोणत्या गावचं तळं आहे हे विद्यार्थ्याला माहीत नसतं आणि तपासणाऱ्याला जाणून घ्यायचं नसतं. अशा विषयासाठी सातासमुद्रापार जायचं, हे शेजारच्या काकूंना पटेना.

"झाडं तर ताडोब्यात आहेत," त्या म्हणाल्या. "जर्मनीत काय आहे?"

जर्मनीत खड्डा आहे. कॉटबुस ज्या लाउझित्स भागात येतं, तिथे शंभराहून अधिक वर्षं जमीन उकरून लिग्नाइट काढला गेला. गावाच्या वेशीवरची कॉटबुस-नॉर्ड ही उघडी खाण २०१५ च्या डिसेंबरात बंद झाली आणि एप्रिल २०१९ पासून तिच्या खड्ड्यात श्प्रे नदीचं पाणी सोडायला सुरुवात झाली. ठरवलेलं तळं सुमारे १९ चौरस किलोमीटरचं. खाण संपल्यावर त्या जमिनीचं, पाण्याचं आणि माणसांचं काय करायचं, हा तिथला जिवंत प्रश्न आहे. म्हणून तिथलं तांत्रिक विद्यापीठ तो शिकवतं, तोही इंग्रजीतून.

चंद्रपूरच्या मुलीला खड्ड्याचं नवल नाही. तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, कोळसा खाणीच्या कार्यालयात हिशेब बघत निवृत्त झाले. लहानपणी तिचा पांढरा गणवेश शाळेतून घरी येईपर्यंत राखाडी होत असे आणि कोणती बाही जास्त राखाडी झाली यावरून ती वाऱ्याची दिशा सांगत असे. पर्यावरणशास्त्रातलं तिचं पहिलं प्रात्यक्षिक ते. त्याबद्दल तिला ताईच्या हातचा धपाटाही मिळालेला आहे.

भाऊजींना खरा धक्का बसला तो फीचा. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत. दर सत्राला काहीशे युरो अंशदान भरलं की झालं. "फी नाही?" भाऊजी म्हणाले. "मग कॉलेज चांगलं नसेल." खासगी कॉलेजांच्या डोनेशनचे आकडे ऐकून ज्यांची उमर गेली, त्यांना फुकट शिक्षणाचा संशय येणं स्वाभाविकच आहे. मग व्हिसासाठी लागणाऱ्या बंद खात्याची अट कळली. जर्मनीतल्या खात्यात ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच बाहेर काढायचे. पैसे आपले, खातं आपलं, पण हात लावायचा तो महिन्याच्या हप्त्यानेच. भाऊजींचा जीव भांड्यात पडला. पैसे लागतात म्हणजे कॉलेज बरं असणार. ही व्यवस्था त्यांना इतकी आवडली की ताईच्या नावाने असं खातं निघतं का, याची त्यांनी इथल्या बँकेत चौकशी केली. ताईने त्याच बँकेत, भाऊजींच्या नावाने केली.

भाची पोचली. पहिल्याच रविवारी तिने पाठवलेला फोटो होता मातीच्या पिरॅमिडचा. कॉटबुसच्या ब्रानित्स बागेत मातीचे दोन पिरॅमिड आहेत, त्यातला एक थेट तळ्यात. हेर्मान फॉन प्युक्लर नावाच्या बागवेड्या राजपुत्राने ते एकोणिसाव्या शतकात उभारले आणि १८७१ मध्ये त्याला तळ्यातल्या पिरॅमिडातच पुरलं. त्याच्या नावाचं तीन रंगांचं आइस्क्रीम जर्मनीत अजून मिळतं.

भाऊजींनी फोटो मोठा करून बघितला. "मातीचा ढिगारा आहे अन् वर गवत आहे. असे ढिगारे आमच्या खाणीजवळ कितीक पडले आहेत. लोक बघायला काहून जातात?"

मी म्हटलं, "त्यांच्याकडे राजपुत्र होता."

"आमच्याकडे कंत्राटदार आहेत," भाऊजी म्हणाले.

एकदा तुलना सुरू झाली की भाऊजींना आवरणं कठीण. कॉटबुसजवळ येन्शवाल्डेचं औष्णिक वीज केंद्र आहे, मूळचं ३,००० मेगावॅटचं. चंद्रपूरचं २,९२०. ऐंशी मेगावॅटने जर्मनी पुढे, हे शल्य त्यांना दोन दिवस बोचलं. मग भाचीने सांगितलं की तिथले संच एकेक करून बंद होत आहेत. उशिरात उशिरा २०३८ पर्यंत कोळसा सोडायचा असा कायदाच जर्मनीने २०२० मध्ये केला. "म्हणजे आता आपण पुढे," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. पोरगी तिकडे शिकायला गेली आहे ते नेमकं याच्या उलट, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. चहा गरम होता.

त्यांचा उरलासुरला विरोध मावळला तो हान्स कार्ल फॉन कार्लोवित्समुळे. शाश्वत म्हणजे टिकाऊ वापराचा विचार ज्या पुस्तकामुळे रुजला असं मानतात, ते १७१३ साली या माणसाने लिहिलं. हा सॅक्सनीतल्या फ्रायबेर्ग इथल्या खाणींचा अधिकारी. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागे, जंगलं संपत चालली होती. तेव्हा जेवढं उगवतं तेवढंच तोडा, नाहीतर उद्या भट्टी विझेल, असं त्याने लिहून ठेवलं. "पाहा!" भाऊजी उठून उभे राहिले. "पर्यावरण खाणवाल्यानंच शोधलं!" आठवडाभर त्यांच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत लांब केसांचा एक जर्मन गृहस्थ होता. निवृत्त सहकाऱ्यांना तो कुठला तरी नवा व्यवस्थापकीय संचालक वाटला आणि काहींनी त्याचं अभिनंदनही केलं.

इकडे भाचीचं शिक्षण सुरू झालं. वेळापत्रकात नऊ वाजता लिहिलेला तास सव्वानऊला सुरू होतो, हा तिला पहिला आनंद. ही पंधरा मिनिटं जर्मन विद्यापीठांची जुनी रीत आहे. आपल्याकडे नुसताच उशीर होतो, तिथे उशिराला विद्यापीठाची मान्यता आहे. फरक एवढाच की तिथे सव्वानऊ म्हणजे सव्वानऊ. बहुतेक व्याख्यानांना हजेरी नाही, हे ऐकून ताई हबकली. "मग पोरं येतात कशाला?" तिने विचारलं. हा प्रश्न शिक्षणशास्त्रावर एखादा ग्रंथ व्हावा इतका खोल आहे, पण ताईला पोळ्या लाटायच्या होत्या.

तास संपल्यावर तिथे विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, मुठी वळून बाकावर ठकठक करतात. पहिल्या दिवशी भाचीला वाटलं, पोरं प्राध्यापकबाईंना हाकलताहेत. पण बाई खूश होऊन हसत होत्या. मग तिनेही ठोकलं. जरा जास्तच ठोकलं, असं तिला शेजारच्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं.

मोठा हादरा पुढे होता. एका मुलाने वर्गात विचारलं की खाणीच्या खड्ड्यातलं तळं भरल्यावर त्याचं पाणी स्थिरस्थावर व्हायला किती वर्षं लागतील. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही." वर्ग शांतपणे वहीत काहीतरी लिहू लागला. भाचीला कळेना, हे लिहायचं काय?

रात्री फोनवर तिने हे सांगितलं.

"मग त्यांना पगार कशाचा देतात?" ताई म्हणाली.

"कंत्राटी असतील," भाऊजी म्हणाले.

आमच्याकडे 'माहीत नाही' हे उत्तर फक्त पोलिसांना द्यायचं असतं. एरवी पत्ता विचारणाऱ्यालासुद्धा आपण रिकाम्या हाताने पाठवत नाही. ठाऊक नसलेला रस्ता, ठाऊक असलेल्या रस्त्यापेक्षा जास्त खात्रीने सांगतो. भाची याच घरात वाढलेली. पदवीपर्यंत तिने कोणत्याही प्रश्नाचं उत्तर कोरं सोडलं नव्हतं आणि कोऱ्या न सोडलेल्या उत्तराला एक-दोन गुण मिळतातच, या तत्त्वावर तिने विद्यापीठात क्रमांक काढला होता.

त्या बेतानेच तिने पहिला अहवाल लिहिला. जुन्या खाणीजवळच्या ओढ्याचं पाणी तपासायचं होतं, सामू किती, लोह किती. तिने तपासलं आणि ठणकावून लिहिलं: पाणी प्रदूषित आहे, याला मानवाची हाव जबाबदार आहे, तातडीने उपाय व्हावेत, ही काळाची गरज आहे. शेवटी एक झाड काढायचं राहिलं, एवढंच.

गुण मिळाले ३.७.

घरी आनंदीआनंद झाला. शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेत आहे. त्याने कळवलं, चारपैकी ३.७ म्हणजे फारच उत्तम. भाऊजींनी पेढे आणले. अर्ध्या कॉलनीत वाटून झाल्यावर भाचीचा फोन आला आणि जर्मन गुणपद्धती आमच्या घरात दाखल झाली. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. आकडा जेवढा मोठा, तेवढी विद्या लहान. आपले गुण तिथल्या मापात बदलायला सूत्रही आहे: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. शंभरपैकी चाळीसला पास असेल तर आपल्या ७५ टक्क्यांचे तिथे होतात २.२५. निवृत्त हिशेबनीसाच्या हाती सूत्र पडल्यावर काय होतं ते आम्ही बघितलं. भाऊजींनी स्वतःचा बी. कॉम.चा निकाल जर्मनीत बदलून पाहिला, मग माझा. माझा त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा आजीने हात जोडून विचारलं, "ताप आहे का रे याला?"

पेढे वाटून झाले होते. ते परत मागता येत नाहीत.

अहवालाच्या समासात बाईंनी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'प्रदूषित'खाली रेघ: कशाच्या तुलनेत? 'पाणी'खाली रेघ: किती नमुने, कोणत्या महिन्यातले? लोहाच्या आकड्यापुढे: यात चूक किती असू शकेल? आणि 'काळाची गरज' या शब्दांभोवती सुबक वर्तुळ काढून पुढे फक्त प्रश्नचिन्ह. कॉलनीतल्या प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत ज्या शब्दांना टाळ्या पडल्या होत्या, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी पुरावा मागितला होता.

ही तिची आखूड फळी. माहिती भरपूर होती, मेहनत भरपूर होती, खात्री तर दुथडी भरून वाहत होती. कमी होती ती शंका. आणि ती पुरवण्याची सोय आमच्या कुटुंबात, कॉलनीत किंवा ती जिथे शिकली त्या कॉलेजात कोणाकडेच नव्हती. पार्सलने चिवडा जातो, शंका जात नाही.

मग तिने ती तिथेच मिळवली, हळूहळू, आणि बहुधा हातांनी. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत तासांवर काम मिळतं. तिला मिळालं बाटल्या धुण्याचं. साबणाने, मग सौम्य आम्लाने, मग शुद्ध पाण्याने, पुन्हा शुद्ध पाण्याने. बाटलीला आधीचं लोह चिकटून राहिलं तर पुढच्या ओढ्याच्या नावावर खोटा आकडा चढतो. ताईला हे ऐकून भरून आलं, ते वेगळ्याच कारणाने: "इथे जेवलेलं ताट उचलत नव्हती, अन् तिथे परक्यांच्या बाटल्या चार-चारदा धुते!"

त्यातही 'कोरा नमुना' नावाचा प्रकार होता. ओढ्यावर जाताना शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत घ्यायची. तिथे ती उघडायची, इतर बाटल्यांसारखंच तिचंही सगळं करायचं, बंद करून परत आणायची आणि तपासायची. त्यात काही सापडलं तर ते ओढ्यातलं नाही, आपल्या हाताचं, हवेचं किंवा बाटलीचं. म्हणजे ज्यात काहीही नाही त्या बाटलीवरचं लेबल सगळ्यात जपून लिहायचं. मला हे समजायला वेळ लागला, भाऊजींना लागला नाही. "बाटलीचा दौरा झाला म्हणा," ते म्हणाले. साऱ्या नोकरीत साहेबांची प्रवासभत्त्याची बिलं तपासल्यामुळे, काहीही न करता परत येणारा दौरा त्यांना लगेच कळला. फक्त त्याचा काही उपयोग असतो, हे मात्र ते प्रथमच ऐकत होते.

मातीच्या तासाला भाचीचा पहिल्यांदा वरचा नंबर आला. मातीचा पोत ओळखायचा तर ती ओली करून बोटांत मळायची आणि तळहातावर तिची वळी करायची. रेताड मातीची वळी होत नाही, चिकण मातीची बारीक होते आणि चकाकते. काळ्या मातीच्या मुलखातल्या पोरीने पहिल्या झटक्यात पेन्सिलीहून बारीक वळी काढली. मग मातीतज्ज्ञांची जुनी युक्ती दाखवण्यात आली: चिमूटभर माती दातांत धरायची. कचकच लागली तर गाळ आहे, लोण्यासारखी मऊ लागली तर चिकण माती. लहानपणी माती खाल्ली म्हणून ताईने जिच्या तोंडात बोट घालून घालून ती काढली, तिने आता ती शास्त्रोक्त खाल्ली आणि शाबासकी मिळवली. ताईचं यावर म्हणणं एवढंच, की जंताचं औषध तिथे मिळतं का ते बघ.

पण आमच्या घरात सगळ्यात जास्त गाजलं ते 'ह्यूनरवासर'. कॉटबुसच्या संशोधकांनी २००५ मध्ये एका चालू खाणीच्या हद्दीत वाळू आणि चिकण माती टाकून एक नवाकोरा उतार तयार केला आणि मग तो जसा आहे तसा सोडून दिला. निसर्ग शून्यातून संसार कसा मांडतो हे बघण्यासाठी.

"किती जमीन?" भाऊजींनी विचारलं.

"सहा हेक्टर."

भाऊजींनी मनात गुणाकार केला. "पंधरा एकर! अन् काय लावलं?"

"काही नाही, बाबा."

"पऱ्हाटी नाही? सोयाबीन?"

"काहीच नाही. आपोआप काय उगवतं ते बघतात."

"नुसते बघतात?"

"आणि मोजतात. पाऊस किती, पाणी कुठून वाहतं, पहिलं झुडूप कुठे आलं, सगळं."

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेतकऱ्याच्या पोराला पंधरा एकर मोकळे सोडलेले कसे सहन व्हावेत? "बाप्पा!" ते शेवटी म्हणाले. "आमच्या चुलत्यानं पंधरा वर्षं हेच केलं, तर लोक त्याला आळशी म्हणत होते." वहीत मोजमाप लिहिलं असतं तर चुलते संशोधक झाले असते. आळस आणि संशोधन यांच्यात फक्त नोंदवहीचं अंतर आहे, हे आमच्या खानदानाला दोन पिढ्या उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी तिने प्रबंधाला विषय घेतला तपकिरी पाण्याचा. लाउझित्सच्या जमिनीत लोह आणि गंधक एकत्र असलेलं खनिज आहे. खाणीसाठी भूजल उपसलं की त्या खनिजाला हवा लागते. पुढे पाणी परत वर चढलं की त्यातून लोह, सल्फेट आणि आम्ल सुटतं. मग लोह ओढ्यांत उतरून पाणी चहासारखं दिसायला लागतं आणि श्प्रेपर्यंत जातं. त्या भागातल्या आम्लधर्मी तळ्यांत होडीने फिरून चुना टाकतात. चुना लावणारे आपल्याकडेही कमी नाहीत. पण सामू बघून, हिशेब करून, तळ्याच्या भल्यासाठी लावणारे तिथेच.

ओढ्यावर थंडीत उभं राहून तिने नमुने घेतले. चंद्रपूरच्या ४६ अंशांत घडलेला देह उणे तापमानात बाटलीचं झाकण फिरवत होता आणि बोटांना ते कळत नव्हतं. आम्ही इकडून स्वेटर पाठवण्याबद्दल चर्चा केली. स्वेटर तिच्याकडे आधीच होते, म्हणून आम्ही आणखी पाठवले.

याच सुमारास तिच्याशी बोलणं अवघड होऊ लागलं. शंकेची फळी वाढत होती आणि ती घरच्या कामालाही वापरली जात होती. ताईने विचारलं, "या वेळचा चिवडा चांगला झालाय ना?" उत्तर आलं, "कशाच्या तुलनेत?" काकू म्हणाल्या, "पूर्वी पाऊस कसा अगदी वेळेवर यायचा." भाचीने विचारलं, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि पाऊस मोजायला कोण होतं? काकू चार दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. नेमके चारच का, हेही कोणी तरी नोंदवायला हवं होतं. एकदाच वापरायच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की एकेका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, हे ऐकून भाऊजींनी लगेच वर्षाचा धंदा मांडला. तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "बाबा, ते २५ सेंट आधी आपणच भरलेले असतात." असा नफा त्यांनी अनेक सरकारी ताळेबंदांत पाहिला होता, ते वाद न घालता गप्प बसले.

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. सगळे निष्कर्ष सांगून झाल्यावर परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या या निष्कर्षावर तुमचा स्वतःचा किती विश्वास आहे?" जुनी भाची असती तर छातीवर हात ठेवून म्हणाली असती, शंभर टक्के. नव्या भाचीने फळ्यावर जाऊन लिहिलं: कोणता आकडा पक्का, कोणता कच्चा, कोणत्या महिन्यात नमुने कमी पडले, आणि उलटा पुरावा कसा दिसला तर ती आपलं म्हणणं मागे घेईल. आणि एका प्रश्नाला ती म्हणाली, "मला माहीत नाही, पण ते कसं शोधता येईल ते सांगते." मागच्या बाकांवरून ठकठक सुरू झाली.

निकाल १.३. या खेपेला भाऊजींनी पेढे आणण्याआधी सूत्र उलटं फिरवून ९४ टक्के काढले, दोनदा पडताळले, आणि मगच दुकानात गेले.

काकूंनी पेढा घेतला आणि मुद्द्यावर आल्या. "नोकरी लागेल ना हो या विषयात?"

आम्ही सगळे भाऊजींकडे बघू लागलो. या माणसाने आयुष्यात कोणत्याही प्रश्नाचं उत्तर अडवून ठेवलेलं नाही. शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न, निवडणुकीचा निकाल, मान्सून, सगळं त्यांच्या खिशात तयार असतं. भाऊजींनी पेढ्याचा डबा बंद केला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "सहा महिन्यांत लागावी. अधिक-उणे तीन."

काकूंना ते मूग गिळून बसल्यासारखे वाटले असावेत. पण भाऊजींना ती पट्टी फारच आवडली आहे. आता नळाचं पाणी सहाला येतं, अधिक-उणे वीस मिनिटं. गुडघा दुखतो, पण कालच्या तुलनेत. परवा त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं की आपण आज चार पोळ्या खाऊ, अधिक-उणे एक.

"चार सांगितल्या, चारच होतील," ताई म्हणाली. "अधिक-उणे काय ते हॉटेलात जाऊन मोजा."